कायद्याला दुरुस्ती, कुंद्याला शिक्षा

खंडेनवमीच्या सकाळी मराठवाड्यातील जुन्या घरांमधून एक दृश्य अजूनही दिसते. ओसरीवर पाट मांडलेला असतो. पाटावर विळा, खुरपे, कुऱ्हाड, वाकस, एखाद्या घरी पूर्वजांची तलवार, आणि ज्या घरात परवाना पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे त्या घरी ठासणीची बंदूक. झेंडूची फुले वाहिली जातात, हळदकुंकू लागते, नारळ फुटतो. हिंगोलीसारख्या गावी, जिथला सार्वजनिक दसरा साऱ्या मराठवाड्यात नावाजलेला आहे, तेथे तर या दिवसाला आगळा रंग असतो. मात्र गेल्या खंडेनवमीला आमच्या पाटावरची बंदूक दोन तुकड्यांत मांडावी लागली. नळी एका बाजूला, कुंदा दुसऱ्या बाजूला. घरातील लहान मुलाने विचारले, "आजोबा, तुटलेल्याची पूजा करतात का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. परंतु हा प्रश्न ज्यांना विचारला गेला पाहिजे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचविणे माझे कर्तव्य आहे.

झाले ते थोडक्यात असे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी परवानाधारकांची शस्त्रे जमा करण्यात आली, त्यांत आमचीही गेली. निवडणुका निर्भय वातावरणात व्हाव्यात, यासाठी शस्त्र जमा करावयास कोणाही जबाबदार नागरिकाची हरकत असू नये. आमचीही नव्हती. निकाल लागले, बंदूक परत मिळाली, आणि घरी येऊन कापड सोडले तेव्हा कुंदा मनगटाशी, म्हणजे चापाच्या मागे जेथे तो सर्वांत बारीक असतो तेथे, उभा चिरला होता. ढिगात खाली पडली असेल, कोणाचा पाय लागला असेल, वरती दुसरी शस्त्रे रचली गेली असतील. मी कोणा व्यक्तीला दोष देत नाही. दोष द्यावयाचा आहे तो पुढच्या प्रकाराला.

गावातील सुताराकडे बंदूक न नेता मी केवळ विचारणा केली. त्याच्या आजोबांनी आमच्या गाडीची चाके, पाभर, तिफण सारे काही केलेले. तो म्हणाला, "काका, लाकडाचं काम हाय, दोन दिवसांत करून देईन. पण हात लावायचं भ्या वाटतं. उद्या कुणी माझ्या नावानं लिहून दिलं तर लेकराबाळांनी काय करावं?" त्याचे भय अनाठायी नव्हते. मी कायदा काढून वाचला, आणि सुतार माझ्यापेक्षा शहाणा ठरला.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ५ असे सांगते की परवान्यावाचून कोणीही अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, हस्तांतरण, रूपांतर किंवा दुरुस्ती करता कामा नये. येथे 'दुरुस्ती' हा शब्द एकटा उभा आहे. नळीची दुरुस्ती आणि लाकडाची दुरुस्ती, असा भेद त्या कलमात नाही. त्याच कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रात मोडतात. आणि या कलमाचा भंग करणाऱ्यास शिक्षा काय? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ अन्वये किमान सात वर्षे कारावास, आणि ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते!

येथे क्षणभर थांबून विचार करावा. एका बाजूला मध्यरात्री भट्टी पेटवून गावठी कट्टे पाडणारा गुन्हेगार. दुसऱ्या बाजूला वाकस आणि पटाशी घेऊन लाकडाचा तुकडा जोडणारा गावचा सुतार. अक्षरशः वाचले तर कायद्याने या दोघांना एकाच पंक्तीला बसविले आहे. न्यायाधीश हा भेद ओळखतील, यात शंका नाही. परंतु न्यायाधीशापुढे उभे राहण्यापर्यंतचा मार्ग ठाण्यातून, कोठडीतून आणि वकिलाच्या फीमधून जातो. गरीब कारागिराला शिक्षा होण्याची गरज नसते. त्याच्यासाठी प्रक्रिया हीच शिक्षा असते.

या अधिनियमाला आजवर अनेकदा दुरुस्ती झाली. १९८३ मध्ये झाली, १९८८ मध्ये झाली, २०१९ मध्ये झाली. बाळगावयाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, शिक्षा वाढल्या. संसदेत कायद्याला वारंवार दुरुस्ती चालते. शेतकऱ्याच्या कुंद्याला मात्र एकदाही चालत नाही. कायदा दुरुस्त करणाऱ्यांच्या ध्यानी एवढी साधी गोष्ट येऊ नये की ज्या वस्तूचा परवाना आपण देतो, ती वस्तू केव्हातरी मोडणार आहे?

आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहावी. कलम १३ मध्ये परवाना देण्याविषयी जी तरतूद आहे, तिच्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी नागरिकाने ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना अधिकाऱ्याने परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. ही बंदूक अपुरी पडेल असे अधिकाऱ्याला वाटले, तर तिच्याऐवजी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही मुभा आहे. म्हणजे ठासणीची बंदूक ही कोणा संस्थानिकाच्या दिवाणखान्यातील शोभेची वस्तू नव्हे. भारतीय संसदेने ती शेतकऱ्याचे अवजार म्हणून मान्य केलेली आहे. नांगराचा फाळ झिजला तर लोहाराकडे न्यावा, आणि रक्षणाचे अवजार मोडले तर कपाळाला हात लावून बसावे, हा कोणता न्याय?

मधला मार्ग म्हणून कोणी कलम ४५ कडे बोट दाखवील. कालबाह्य बनावटीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडकळीस आलेले शस्त्र, जे दुरुस्त करूनही किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही, असे ते कलम म्हणते. त्यातील मेख 'दुरुस्त करूनही' या शब्दांत आहे. ज्याची नळी फुटली, कान बुजला, चाप गंजून गेला, ते लोखंड सुटले. पण ज्याचा केवळ कुंदा चिरला आहे, ते दुरुस्तीने वापरात येऊ शकते. सबब ते शस्त्रच राहते. म्हणजे आमची बंदूक कायद्याच्या दृष्टीने एवढी धडधाकट आहे की तिचा परवाना नूतन केलाच पाहिजे, आणि एवढी धोक्याची आहे की तिला गावात कोणी हात लावता कामा नये! मोडकी असल्याचा लाभ नाही, आणि नीट करण्याची मुभा नाही.

शस्त्रहीन समाज कसा घडविला गेला?

हे आकस्मिक घडलेले नाही. १८७८ हे वर्ष आठवावे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत त्या एका वर्षात दोन कायदे आले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने देशी माणसाचे हात. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्य मिळाल्यावरही टिकला. १९५९ चा नवा अधिनियम प्रत्यक्षात १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला, तेव्हा कोठे तो गेला. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात योग्य नियमांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा, असेही एक कलम होते. पुढे राज्यघटना लिहिली गेली तेव्हा त्या कलमाचे काय झाले, ते सर्वज्ञात आहे.

शस्त्र जाते तेव्हा ते एकटे जात नाही. त्याच्याबरोबर ते करणारा, राखणारा, नीट करणारा कारागीरही जातो. तलवारीला पाणी देणारा शिकलगार, भाता घेऊन गावोगाव फिरणारा घिसाडी, लाकडाची नस ओळखणारा सुतार, यांच्या हातांत एके काळी या देशाची शस्त्रविद्या होती. दरबारी शस्त्रागारात बसणाऱ्यांच्या हाती ती नव्हती, या भटकणाऱ्या आणि बलुत्यावर जगणाऱ्या माणसांच्या हाती होती. शिकलगार कात्र्या-सुऱ्यांना धार लावू लागला, घिसाडी रस्त्याच्या कडेला खुरपी घडवू लागला, आणि कुंदा बसवायची कला त्यांच्या नातवंडांना ऐकूनही ठाऊक राहिली नाही. कारागिरी नष्ट करण्यासाठी अंगठे तोडावे लागत नाहीत. तिला परवान्याच्या जाळ्यात अडकवून ठेवले, की दोन पिढ्यांत ती आपोआप संपते.

हिंगोलीचा मुलूख तर त्या काळी निजामाच्या अमलाखाली. इंग्रजी कायदा तेथे थेट चालत नसे. पण हिंगोलीची छावणी होती, कंटिंजंटचे पलटण होते, आणि रयतेच्या हाती शस्त्र नको हे धोरणही होते. तरीही या परिसराने वेळोवेळी शस्त्र उचलले आहे. १८१९ च्या जानेवारीत नोवसाजी नाईकांच्या हटकरांनी नोव्ह्याच्या गढीत निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेशी झुंज दिली, तो प्रदेश येथून दूर नाही. आणि १९४७-४८ च्या त्या काळरात्री! रझाकारांच्या टोळ्या गावागावांवर चालून येत होत्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुक्तिसंग्राम पेटला होता, वऱ्हाडच्या सरहद्दीवर उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प उभे राहिले होते. गावात राहिलेल्यांनी गढीच्या बुरुजावर, माळवदावर रात्री जागून काढल्या, त्या लाठ्या, गोफणी, भाले आणि अशाच ठासणीच्या बंदुकांच्या भरवशावर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. आमच्या आजोबांची बंदूक तेव्हा माळवदावर होती. तिने किती बार काढले हे मला ठाऊक नाही. पण ती त्या घरात आहे हे बाहेर ठाऊक होते, आणि पुष्कळदा एवढे पुरेसे असते.

कुंदा म्हणजे केवळ लाकूड नव्हे

ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, त्यांच्यासाठी थोडे तपशिलात शिरणे आवश्यक आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधीचे बूच आणि छर्रे तोंडाकडून घालून गजाने ठासतात. टोपीवर घोडा पडला की कानातून ठिणगी आत जाते आणि बार उडतो. छर्रे पुढे झेपावतात त्या क्षणी नळीचा सारा धक्का मागे येतो, आणि तो झेलणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे कुंदा. नळीच्या बुडाला जी लोखंडी शेपटी असते ती लाकडात घट्ट आणि सारखी टेकलेली असली, तर धक्का सर्वत्र वाटला जातो. लाकूड आकसले, किंवा चापातून झिरपणाऱ्या तेलाने मऊ पडले, की तो धक्का एकाच बिंदूवर येतो आणि मनगट चिरते. मराठवाड्याचा कडक उन्हाळा आणि त्यापाठोपाठ येणारा दमट पावसाळा लाकडाला वर्षातून दोनदा पिळतो. उरलेले काम वाळवी करते.

अशी चीर पडलेली बंदूक उडविणे म्हणजे स्वतःच्या गालाशी वैर करणे होय. म्हणून पहिला नियम असा की चिरलेल्या कुंद्याच्या बंदुकीत बार भरू नये. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. वर्षानुवर्षे खुंटीवर असलेली ठासणीची बंदूक रिकामी आहे असे कधीही गृहीत धरू नये. गज आत सोडावा, तोंडाशी खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. खूण तोंडाशी ठेवली असता गजाचे टोक कानापाशी पोहोचले, तर नळी रिकामी. चार-पाच बोटे अलीकडे राहिले, तर आजोबांच्या काळचा बार आत तसाच आहे, असे समजावे आणि जाणकाराखेरीज कोणी तिला हात लावू नये.

जोडकामाची पद्धत जाणकार कारागिराला अवघड नाही. चिरेत मुरलेले तेल आधी काढावे लागते, कारण तेलकट लाकडाला कोणताही गोंद धरत नाही. मग चीर अलगद उघडून आत पातळ इपॉक्सी सोडावे, बाहेरून रबरी पट्टीने करकचून बांधावे, आणि सुकल्यावर चिरेला आडवी अशी पितळी आट्यांची खीळ आतून बसवावी. जुने लोक ओल्या कातड्याची पट्टी गुंडाळून शिवत. वाळताना ती आवळत जाई आणि लोखंडासारखी घट्ट बसे. खिळे ठोकणे हा मात्र खून आहे. खिळा चीर जोडत नाही, ती वाढवितो.

लाकूड मेलेलेच असेल, तर नवा कुंदा. त्यासाठी शिसव किंवा अक्रोड, वर्षानुवर्षे सावलीत वाळविलेले, आणि मनगटातून नस सलग लांबीने जाईल असे कापलेले. नळीला काजळी फासून ती लाकडात टेकवायची, जेथे काळे लागेल तेथे केसभर तासायचे, पुन्हा टेकवायची. असे पन्नास-शंभर वेळा केल्यावर नळी लाकडात अशी बसते की मध्ये कागदही जाऊ नये. शेवटी जवसाच्या तेलाचे हात, एकावर एक. हे सारे काम लाकडाचे आहे. दारूचा दाब त्यातून जात नाही, गोळी त्यातून जात नाही. कुंदा बदलल्याने बंदूक अधिक लांब मारत नाही, अधिक वेगाने उडत नाही, लपविण्याजोगी लहानही होत नाही. मग या कामाला आणि नळी घडविण्याला एकच माप कशासाठी?

शेतात काय चालले आहे?

पैनगंगा, कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यांत, सेनगाव-कळमनुरीच्या माळांवर, आज शेतकरी रात्री झोपत नाही. रोह्यांचे कळप हरभरा आणि सोयाबीन तुडवून जातात. रानडुकरे भुईमूग उकरतात, ज्वारीची ताटे लोळवतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये या प्राण्यांना संरक्षण आहे. विहित परवानगीवाचून त्यांना मारता येत नाही, आणि मारावे असे आमचे म्हणणेही नाही. ज्या समाजाने वराहात अवतार पाहिला, त्याला वन्यजीवांवर दया शिकविण्याची गरज नाही.

परंतु येथेच ठासणीच्या बंदुकीचे खरे महत्त्व ध्यानी यावे. तिच्यात छर्रा न घालता नुसती दारू आणि चिंध्या ठासून बार काढता येतो. आवाज होतो, धूर होतो, कळप पळतो, रक्ताचा थेंब सांडत नाही. हे साधन हातून गेल्यावर शेतकरी काय करतो, ते वर्तमानपत्रांत वाचावे. कुंपणात चोरून वीज सोडली जाते आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी तारेला चिकटून मरतो. गावठी बॉम्ब पेरले जातात आणि गाईचा जबडा उडतो. परवानाधारक, नोंद असलेली, वर्षानुवर्षे एकाच घरात असलेली बंदूक निकामी होऊ द्यावयाची, आणि तिच्या जागी बेकायदा, निनावी, आंधळा मृत्यू शेतात उभा करावयाचा, याला सुरक्षा म्हणतात काय?

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप शासकीय आहे. दुरुस्ती मोकळी केली तर शस्त्रांचा सुळसुळाट होईल. उत्तर सोपे आहे. या देशात गुन्हा सहसा ठासणीच्या बंदुकीने होत नाही, तो बहुधा खिशात मावणाऱ्या कट्ट्याने होतो. चार हात लांबीची बंदूक, जी एकदा उडवल्यावर पुन्हा भरायला निदान अर्धे मिनिट लागते, ती घेऊन कोणीही दरोड्याला जात नाही. शिवाय ज्याच्या नावे परवाना आहे, ज्याची बंदूक ठाण्याच्या नोंदवहीत आहे, तोच तर कुंदा बसवून मागतो आहे. गुन्हेगार परवानगीचा अर्ज करीत नसतो.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा. शहरात परवानाधारक दुरुस्तीदार आहेत, तिकडे न्या. जरूर न्यावे, कायदा पाळणे हे आमचे ब्रीद आहे. पण ते आहेत कोठे? मी विचारीत गेलो तो दुसऱ्या जिल्ह्यातील एका दुकानापर्यंत पोहोचलो. तेथे काडतुसांच्या बंदुका विकल्या जातात. ठासणीच्या कुंद्याला हात लावणारा माणूस त्यांच्याकडे उरला नव्हता. "ही कशाला ठेवता? जमा करून टाका," असा सल्ला मात्र विनामूल्य मिळाला.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा, आणि तो अधिक बोचणारा. कशाला हे जुने भंगार? या प्रश्नाला मी रागाने उत्तर देणार नाही. ज्या वस्तूला १०० वर्षे झाली, ती पुरावस्तू, असे १९७२ चा पुरावस्तू कायदा मानतो. आपल्या घरांतील कित्येक बंदुका त्या वयाच्या आहेत. लंडनच्या लिलावात अशीच एखादी भारतीय बंदूक आली की आपण हळहळतो, आणि आपल्या कोठीच्या कोपऱ्यात तीच वाळवीला घालतो. हा दुटप्पीपणा नव्हे काय? म्हणून येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ज्या बंदुकीच्या कुंद्यावर जुनी पितळी जडणघडण, खुणा किंवा कोरीव नावे आहेत, तिचा मूळ कुंदा काढून टाकू नये. चीर जोडावी, तुटका भाग जपावा, वॉर्निश फासून तिचे वय खोडू नये. नवा कुंदा बसविला तरी जुना जपून ठेवावा. इतिहास लोखंडात असतो तेवढाच लाकडातही असतो.

आपण काय मागावे?

रुदन करून प्रश्न सुटत नाहीत. मागणी नेमकी असावी लागते. पहिली, केंद्र शासनाने शस्त्र नियमांत स्पष्ट तरतूद करावी की नळी, बूड आणि चाप यांना स्पर्श न करता केवळ लाकडी कुंद्याची जोडणी किंवा बदल करणे, हे परवानाधारकाने आपल्या ठाण्यात लेखी कळवून नोंदणीकृत स्थानिक कारागिराकडून करून घेता येईल. दुसरी, ही तरतूद होईपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एकदा, नवरात्रापूर्वी, परवानाधारक दुरुस्तीदार आणि पोलीस दलातील शस्त्र तंत्रज्ञ यांच्या उपस्थितीत दुरुस्ती शिबिर भरवावे. हिंगोली जिल्ह्याचे पाचही तालुके एका दिवसाच्या अंतरात आहेत. हे अशक्य नाही. तिसरी, निवडणुकीत जमा होणाऱ्या प्रत्येक शस्त्राची स्थिती, कुंद्यासह, पावतीवर लिहावी आणि ती शस्त्रे रचून न ठेवता उभी ठेवावीत. लाकडी फळीला खाचा पाडून केलेला घोडा एवढेच त्याला लागते. चौथी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या अभ्यासक्रमात जुन्या शस्त्रांच्या लाकूडकामाचे संवर्धन शिकवावे, आणि त्यात शिकलगार, घिसाडी व सुतार समाजांच्या मुलांना आवर्जून सामावून घ्यावे. पाचवी, जी शस्त्रे वारसांना सांभाळता येत नाहीत ती वितळविण्याऐवजी जिल्ह्याच्या संग्रहालयात जावीत.

यांतील एकही मागणी राज्याच्या शस्त्रनियंत्रणाच्या अधिकाराला आव्हान देत नाही. उलट, आज जी दुरुस्ती अंधारात, खिळे ठोकून, नोंदीवाचून होते, ती उजेडात आणण्याची ही मागणी आहे.

आणि शेवटी थोडे स्वतःकडे पाहावे. शासनाने दुरुस्ती अडविली, हे खरे. पण वर्षातील ३६४ दिवस त्या बंदुकीकडे आपण किती वेळा पाहतो? खंडेनवमीला कुंकू लावले आणि ते कुंकू पुसल्यावाचून, तेलाचा हात फिरविल्यावाचून पुन्हा खुंटीला टांगले, तर ओल धरून गंज चढतो तो कोणाच्या पापाने? वारसाच्या नावे परवाना करून घेण्याचा आळस आपण केला, मुदत संपू दिली, आणि मग शस्त्र ठाण्यात जमा झाले, ही कहाणी गावोगाव आहे. शस्त्र पूजले म्हणजे राखले, असे नव्हे. पूजा हा राखण्याचा वर्षातील एक दिवस असावा, राखण्याला पर्याय नसावा.

आमची बंदूक अजून दोन तुकड्यांत आहे. परवाना नूतन आहे, अर्ज दिलेला आहे, सुतार तयार आहे, शिसवीची फळी तीन उन्हाळे वाळून कोठीत पडली आहे. उणीव आहे ती एका ओळीच्या परवानगीची. येत्या खंडेनवमीला नातवाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर त्याला कायद्याचे कलम वाचून दाखवायचे की सांधलेला कुंदा त्याच्या हाती द्यायचा, याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्यांनी तो आता करावा. आम्ही वाट पाहू. पण गप्प बसून नव्हे.